गॅलरीतला आपला माणूस

भावांनो, कोल्हापुरात फुटबॉलचा सीझन सुरू झाला की शाहू स्टेडियमच्या गॅलरीत मीही असतो. केस पांढरे झाले, पायरी तीच आहे. तेव्हा शेजारी बसणाऱ्याचं बोलणं म्हणून ऐका.

मॅचनंतर दगड पडला की आपली दोन वाक्यं ठरलेली. 'बाहेरची पोरं होती' आणि 'गर्दीला डोकं नसतं'. बाहेरची होती, तर संध्याकाळी कट्ट्यावर त्यांची टोपणनावं सगळ्यांच्या तोंडी कशी असतात? आणि डोकं नसलेली गर्दी एका सुरात घोषणा देते, पेनल्टीला एकदम गप्प होते, हे कसं?

मोठ्या शहरात माणूस एकटा पडतो, म्हणून गर्दीत ओळख शोधतो, असं शहरांचे अभ्यासक सांगत आलेत. आपली गोष्ट उलटी. पेठेत आजही आजोबांच्या नावानं ओळखतात. आपल्या कितीतरी संघांच्या नावातच तालीम आहे. म्हणजे ईर्ष्या घरातूनच येते. ती असू द्या. ईर्ष्या गेली तर मॅचला कुत्रंसुद्धा फिरकणार नाही.

पीटर मार्श या संशोधकानं १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड युनायटेडच्या समर्थक पोरांचा अभ्यास केला. त्याला दिसलं ते लाल मातीतल्या माणसाला नवं नाही. अंगावर धावून जाणं, शिव्या, खुन्नस, यातलं बरंचसं म्हणजे शड्डू. त्यालाही नियम असतात आणि हद्द ओलांडणाऱ्याला त्याचेच सोबती आवरतात. लेस्टरच्या एरिक डनिंगसारख्या अभ्यासकांना हे फार गोड वाटलं. डोकी खरीच फुटतात, सोंग म्हणून सोडून देऊ नका, असं त्यांचं म्हणणं. मला दोघांचंही पटतं. शड्डू ठोकणाऱ्यानं एकदा दगड उचलला की तिथं कुस्ती संपलेली असते.

म्हणून मागणं एवढंच आहे की आवरणारा सोबती व्हा. आपल्या बाजूचा कोण तापणार हे हाफटाइमलाच कळतं. त्याला चहाला न्या, दोघांच्या मध्ये बसवा. 'गप रे' हे आपल्या पेठेतल्यानं म्हटलं तर तो ऐकतो. तेच समोरच्या गॅलरीतून आलं तर पेटतो. आणि मोबाइल खिशात ठेवा. हल्ली निम्मी भांडणं मैदानाच्या आधी स्टेटसवर होतात. डिवचणारा व्हिडिओ आला तर पुढं ढकलू नका. पाठवणाऱ्याला फोन करून काढायला लावा.

पोरांनो, एक रुक्ष गोष्टही ऐका. भारतीय न्याय संहितेचं कलम १९० असं आहे की बेकायदा जमावानं समान उद्देशानं गुन्हा केला तर ज्यानं दगड मारला नाही तोही दोषी धरला जाऊ शकतो. अशा जमावाला पाच जण पुरतात. तुमच्यातले किती जण पोलिस भरतीची, सैन्याची तयारी करताय? चारित्र्य पडताळणीच्या दिवशी 'मी नुसता उभा होतो' हे कुणाला सांगणार?

तालमीतल्या थोरल्यांनो, जामिनाला धावता तसं मॅचच्या आधी दोन तास या. विजयाची मिरवणूक दुसऱ्या पेठेच्या दारावरूनच का न्यायची? रस्ता बदलला तर कप काही लहान होत नाही.

पोलिसांनाही सांगणं आहे. २००४च्या युरो स्पर्धेत पोर्तुगालच्या यजमान शहरांत साध्या गणवेशातले पोलिस समर्थकांत मिसळून बोलत राहिले, दंगल पथक नजरेआड ठेवलं. तिथं इंग्लंडच्या समर्थकांनी मोठा दंगा केला नाही. जिथं वेगळ्या दलाची वेगळी पद्धत होती, त्या अल्बुफेरात मात्र राडे झाले. संशोधक क्लिफर्ड स्टॉट आणि सहकाऱ्यांनी त्यातून काढलेलं अनुमान आपल्यालाही लागू आहे. सरसकट सगळ्यांवर लाठी चालली की शांत बसलेलाही दंगेखोराच्या बाजूला उभा राहतो. पोर्तुगालच्या उलट, इंडोनेशियात मलंगच्या कांजुरुहान मैदानावर २०२२ साली अश्रुधूर सोडला, लोक दारांकडे पळाले आणि चेंगराचेंगरीत १३५ जीव गेले.

लांब कशाला, १६ ऑगस्ट १९८०ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल–मोहन बागान सामन्यात १६ प्रेक्षक मेले. मैदानावर दोघांना लाल कार्ड मिळालं, गॅलरीत मारामारी पेटली, पळापळीत माणसं चिरडली. त्यांच्या आठवणीसाठी त्या तारखेला तिथं फुटबॉलप्रेमी रक्तदान करतात. आपल्याला रक्तदानाला तसल्या तारखेची वाट बघायची गरज नाही. दोन तालमींनी सीझनच्या पहिल्या दिवशी एकाच मांडवात शिबिर घ्यावं. फलकावर कुणाचं नाव आधी, यावरून भांडण झालं तर चिठ्ठी टाका.

रविवारी मी नेहमीच्या पायरीवर असेन. ओरडून घसा बसला तर या, खडीसाखर आणतो. समोरच्या गॅलरीतला आला तरी देईन, फक्त त्याला आधी स्कोअर विचारेन.