पोटगी आणि पितृत्व

अविवाहित स्त्रीपुरुषांच्या अपत्यांस हक्क दिले तर विवाहसंस्था ढांसळेल, असा आक्षेप आमच्या सुशिक्षित वर्गांत अजून मोठ्या गांभीर्यानें घेतला जातो. आक्षेपकांच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. त्यांच्या तर्काविषयीं मात्र आहे. लग्न केलें तर मुलाचा भार, न केलें तर सुटका, असाच न्याय ठेवावयाचा असेल तर हिशेबी पुरुष लग्नाच्या वाटेस जाईल कशाला? जबाबदारी टाळणाऱ्यास मोकळें सोडल्यानेंच ती संस्था दुबळी होते.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे. खालापूर तालुक्यांतील रसायनीसारखी वस्ती घ्यावी. पाताळगंगेच्या कांठीं कारखाने आले आणि त्यांच्यामागून चोहोंकडील माणसें आलीं. अशा ठिकाणीं लग्नावांचून एकत्र बिऱ्हाड करणारीं दोघें विभक्त झालीं, तर पुरुषास चार शब्द सुनावणारे वडीलधारे जवळ नसतात. ठेकेदाराचें काम सोडून तो तळोज्यास किंवा चाकणास गेला कीं त्याचा पत्ता बदलतो. मुलाची भूक बदलत नाहीं. मग कोणी मध्यस्थ मुद्रांकाच्या कागदावर एकरकमी तडजोड लिहवितो, आणि मुलाचा यापुढें कांहीं हक्क नाहीं असें मातेकडून कबूल करून घेतो. परंतु जें मुलाचें आहे तें सोडून देण्याचा अधिकार मातेस तरी कोठून आला?

कायदा येथें समाजाच्या पुढें गेला आहे. १९५६ च्या हिंदु पालकत्वाच्या कायद्यानें विवाहबाह्य अपत्याचें पालकत्व प्रथम मातेस, तिच्यामागून पित्यास दिलें. त्याच वर्षींच्या दत्तक व पोटगीच्या कायद्यानें त्याच्या पोषणाचें ओझें दोघांवरहि ठेवलें. फौजदारी संहितेंतील कलम १२५, म्हणजे आतांच्या नागरिक सुरक्षा संहितेंतील कलम १४४, तर धर्महि विचारीत नाहीं. तेथील दरमहा ५०० रुपयांची मर्यादा २००१ मध्यें गेली. २०१५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अविवाहित मातेस, पित्यास नोटीस दिल्यावांचून, पालकत्व मागण्याची मोकळीक दिली.

तथापि कायद्यानेंहि एक पंक्तिप्रपंच ठेवलाच आहे. पत्नीस स्वतः राहते तेथें पोटगीचा अर्ज करतां येतो. अविवाहित मातेसंबंधीं मात्र, पुरुष जेथें असेल, जेथें राहत असेल, किंवा तिच्यासह शेवटीं जेथें राहिला असेल, एवढींच ठिकाणें कलमाच्या शब्दांत आहेत. दोघें रसायनींत एकत्र राहिलीं असतील तर खालापूरचें न्यायालय खुलें. पण मूल घेऊन ती परभणीस माहेरीं गेली असेल तर? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानें एका घरांत संसार केलेल्या स्त्रीस राहत्या ठिकाणीं दाद मागण्याची वाट करून दिली. जिचें बिऱ्हाडच झालें नाहीं तिला तीहि नाहीं. शिवाय विवाहितेच्या मुलाचें पितृत्व कायदा गृहीत धरतो. हिला तें सिद्ध करावें लागतें. पोटगीच्या कलमांत ‘मातेच्या राहत्या ठिकाणीं’ एवढे शब्द घातल्यानें कोणती विवाहसंस्था बुडणार आहे?

‘मूल तुझ्याकडे, तर खर्चहि तुझा,’ हा पुरुषाचा युक्तिवाद आम्हांस सर्वांत हीन वाटतो. पोटगी ही ताब्याची किंमत नव्हे. उलट, पैसे थकले म्हणून मुलास पित्याचें तोंडहि पाहूं न देणें, हेंहि आम्ही योग्य मानीत नाहीं. ताबा आणि भेट यांचा निर्णय मुलाच्या हितावर व्हावा. पोटगी पित्याच्या ऐपतीवर व मुलाच्या गरजेवर ठरावी. हे दोन हिशेब एका वहींत मांडूं नयेत.

ज्योतिराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ मध्यें पुण्यांत बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें, आणि तेथें जन्मलेलें एका विधवेचें मूल दत्तक घेऊन वाढविलें. तो यशवंत पुढें डॉक्टर झाला. रक्ताचें नातें नसतां त्या दांपत्यानें जें पत्करलें, तें जन्मदात्यानें नाकारावें आणि आम्ही सुशिक्षितांनीं नीतीच्या नांवाखालीं त्यास पाठबळ द्यावें, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. ‘औरस’ म्हणजे शब्दशः आपल्या उरापासून झालेला. या अर्थानें प्रत्येक मूल आपल्या बापाचें औरसच असतें. नीतीची चाड असणाऱ्यांनीं मुलाच्या जन्माची चौकशी सोडून त्याच्या बापाची करावी.