परवानाच नाही, तर नूतनीकरण कशाचे?

मोहोळ तालुक्यातील एखाद्या माध्यमिक शाळेच्या विज्ञानशिक्षकाने परदेशातील शाळेसाठी अर्ज भरावयास घेतला, की सुरुवातीलाच त्याची लेखणी अडखळते. अध्यापनाचा परवाना कोणत्या संस्थेने दिला, त्याचा क्रमांक काय आणि त्याची मुदत केव्हा संपते, अशी विचारणा तेथे असते. शिक्षकाच्या हाती असते ती बी.एड.ची पदवी, नियुक्तीच्या मान्यतेचा आदेश आणि सेवापुस्तिका. परवाना नसतो, कारण तो देणारी यंत्रणाच भारतात नाही.

सोलापूरची परिचारिका परदेशी निघाली तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी तिच्यापाशी असते. डॉक्टरांसाठी वैद्यक परिषद आहे, वकिलांसाठी बार कौन्सिल. शिक्षकांच्या बाबतीत १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद स्थापन झाली खरी, पण तिचे काम प्रशिक्षण महाविद्यालयांना मान्यता देण्याचे आणि किमान पात्रता ठरविण्याचे. वैयक्तिक शिक्षकाची नोंद ती ठेवत नाही. साहजिकच, 'हा गृहस्थ शिकविण्यास पात्र असून त्याच्यावर कोणतीही कारवाई प्रलंबित नाही', असे अधिकारवाणीने कोणी लिहून द्यावयाचे, हा प्रश्न प्रत्येक अर्जदारापुढे नव्याने उभा राहतो आणि त्याच्या उत्तरासाठी त्याला शिक्षण विभागाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

सोलापूर जिल्ह्यात या गोंधळात एक स्थानिक भर पडते. २००४ पूर्वी बी.एड. झालेल्यांच्या पदवीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे नाव आहे, त्यानंतरच्यांच्या पदवीवर सोलापूर विद्यापीठाचे आणि २०१९ नंतरच्यांच्या पदवीवर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचे. एकाच शिक्षक-कक्षातील तिघांच्या पदव्या तीन विद्यापीठांच्या वाटतात. त्यातच २०१५ पर्यंत बी.एड. एक वर्षाचे होते, पुढे ते दोन वर्षांचे झाले. परदेशी मूल्यमापकाला हा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नाही. तो कागद पाहतो आणि तास मोजतो.

इंग्लंडने फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतासह नऊ ठिकाणच्या शिक्षकांना तेथील 'पात्र शिक्षक दर्जा' मिळविण्यासाठी थेट अर्ज करण्याची मुभा दिली, तेव्हा मोठा दरवाजा उघडल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात भारतीयांसाठी तो गणित, विज्ञान आणि भाषा हे विषय ११ ते १६ वयोगटाला शिकविणाऱ्यांपुरताच होता. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतील गुरुजी त्यात बसत नाहीत, बारावीनंतरच्या डी.एड.वर लागलेल्यांना तर पदवीच्या अटीवरच थांबावे लागते. मात्र हा दर्जा एकदा मिळाला, की त्याचे नूतनीकरण करावे लागत नाही.

अमेरिकेची रीत वेगळी. तेथे परवाना केंद्राचा नव्हे, राज्याचा. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. टेक्सासमध्ये वर्गशिक्षकाला दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी १५० तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण दाखवावे लागते. शिक्षक-विनिमयाच्या जे-१ व्हिसावर जाणाऱ्यांना मुळात तीन वर्षांची मुदत असते, फार तर आणखी दोन वर्षे वाढवून मिळते. म्हणजे मोठ्या कष्टाने मिळविलेला परवाना पहिल्या नूतनीकरणाला येतो, तोवर परतीची वेळ झालेली असते. दुबईसारख्या ठिकाणी अडचण कागदांच्या साक्षांकनाची: संयुक्त अरब अमिराती अपोस्टील करारात नसल्याने राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि दूतावास असा तिहेरी प्रवास पदवीला करावा लागतो.

खरी कसोटी मात्र मायदेशी आहे. मोहोळला लागून असलेल्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर' पुरस्कार मिळाला. त्याच डिसले गुरुजींच्या अमेरिकेतील फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठीच्या रजेचा प्रश्न जानेवारी २०२२ मध्ये राज्यभर गाजला आणि शिक्षणमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर मार्गी लागला. जगाने गौरविलेल्या शिक्षकाची रजा मंत्र्यांपर्यंत जावी लागते, तर अनामिक शिक्षकाने कोणाकडे जावे? १९८१ च्या रजा नियमांत सलग रजेला पाच वर्षांची मर्यादा आहे. तेवढी मंजूर होईलच, याची हमी नाही. म्हणून बहुतेकांपुढे दोनच पर्याय उरतात, न जाणे किंवा राजीनामा देणे.

राजीनामा देऊन गेलेला परत आला, की त्याचा परदेशी परवाना येथे कोणत्याच रकान्यात बसत नाही. पवित्र पोर्टलमार्फत भरती व्हावयाची तर अभियोग्यता चाचणी द्यावी लागते, आणि ती २०१७, २०२३ आणि २०२५ अशी आठ वर्षांत तीनदाच झाली. शिक्षक पात्रता परीक्षेच्या प्रमाणपत्राची सात वर्षांची मुदत २०२१ मध्ये रद्द होऊन ते २०११ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने आजीवन झाले, एवढाच काय तो दिलासा.

ज्यांनी राजीनामा न देता रजा मिळविली, त्यांची चिंता सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने वाढविली आहे. पहिली ते आठवीला शिकविणाऱ्या आणि सेवेची पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवा सोडावी, असा तो निकाल. शिक्षण हक्क कायद्यापूर्वी नेमणूक झालेलेही त्यातून सुटलेले नाहीत. टेक्सासमधील वर्गात १५० तासांचा हिशेब जुळविणाऱ्या मोहोळच्या शिक्षकाला त्याच काळात राज्याच्या परीक्षेसाठी विमानाचे तिकीटही काढावे लागेल. ते तास या परीक्षेत धरले जात नाहीत, आणि या परीक्षेचे गुण तेथील नूतनीकरणात.