काळोखाचे संरक्षण

शिकारीचे नियमन करताना कायदा प्रायः दोन प्रश्न विचारतो : कोणता प्राणी आणि कोणता हंगाम? ‘कोणत्या साधनाने’ हा तिसरा प्रश्न गौण वाटतो. वस्तुतः तोच निर्णायक होय. रात्री डोळ्यांवर प्रखर झोत पडला की हरीण दिपून जागीच खिळते. एका सावजामागचे श्रम असे घटले की लोभाला आवर उरत नाही. म्हणूनच १९७९ च्या बर्न कराराने कृत्रिम प्रकाश व रात्री नेम धरण्याची इलेक्ट्रॉनिक दुर्बीण निषिद्ध साधनांत गणली. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही प्रकाशझोताच्या शिकारीवर निर्बंध होते. १९९१ च्या दुरुस्तीने तर परवान्याची शिकारच संपुष्टात आणली.

उलट जर्मनीने २०२० मध्ये शस्त्रकायदा सैल करून शिकाऱ्यांना बंदुकीच्या दुर्बिणीस रात्रदृष्टीचे उपकरण जोडण्याची मुभा दिली. रात्री पिके उकरणारी रानडुकरे आणि डुकरांमधील आफ्रिकन ज्वराचे संकट ही त्यामागील निकड होती. यात विसंगती नाही. दुर्मीळ प्राण्याची शिकार महाग करणे आणि बेसुमार वाढलेल्याची स्वस्त करणे, दोन्हींमागील हिशेब एकच आहे.

मात्र रानडुकरासाठी दिलेली दुर्बीण हरणावरही रोखता येते. उपकरण भेद करीत नाही. तो कायद्यानेच करावयाचा असतो. यास्तव अशी सवलत प्राणी, प्रदेश आणि मुदत यांनी बांधलेलीच असावी. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे. परंतु त्याच्या नावाने मिळालेली सूट हौशी शिकाऱ्याच्या हाती गेली, तर पीकही वाचणार नाही आणि वनही.