हशा मोजणाऱ्यांचा हिशेब

बस्टर कीटनचा ‘द जनरल’ हा युद्धाच्या पार्श्वभूमीवरचा विनोदी मूकपट १९२७ साली अमेरिकेत झळकला, तेव्हा समीक्षकांनी त्याच्यावर दोन आरोप ठेवले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे मॉर्डंट हॉल यांच्या मते निर्मिती देखणी, पण विनोद बेताचा, कीटन विदूषक कमी, कसरतपटू जास्त. रॉबर्ट शेरवुड यांना लढाईत मरणाऱ्या माणसांवर हसणे जड गेले. आज या दोघांना आंधळे ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांनी पाहिले ते बरोबरच पाहिले. मापायला घेतलेली पट्टी तेवढी चुकीची होती.

पहिला आरोप घ्या. प्रेयसीने झिडकारलेला इंजिनचालक जॉनी, म्हणजे कीटन, इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर जाऊन बसतो. इंजिन चालू लागते. दांड्यासोबत तो वर जातो, खाली येतो, आणि त्याला पत्ताच नाही. भानावर येतो तो थेट इंजिन शेडमध्ये शिरताना. ही कसरतच आहे, आणि जिवावरची आहे. पण चेहऱ्यावरची एक रेषा जरी हलली असती, तरी ‘याला कळतंय’ असे वाटून विनोदही गेला असता आणि दुःखही. मग त्या दगडी चेहऱ्याला अभिनय म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे?

दुसरा आरोप वजनदार आहे. जॉनीच्या तलवारीचे पाते मुठीतून निसटून शत्रूच्या नेमबाजाला लागते, तिथे शेरवुड यांचा आक्षेप मान्यच करावा लागतो. पण पुलाचे काय? जळत्या पुलावरून गाडी नेण्याचा हुकूम शत्रूचा अधिकारी छातीठोकपणे देतो आणि खरेखुरे इंजिन पुलासकट नदीत कोसळते. पाठोपाठ दिसतो त्या अधिकाऱ्याचा थिजलेला चेहरा. इथे हसू येते ते हुकुमाच्या मिजाशीचे. युद्धावर याहून कडक टीका गंभीर चित्रपटांतही क्वचितच सापडते.

१९४९ साली समीक्षक जेम्स एजी यांनी ‘लाइफ’मधल्या लेखात कीटनला मानाने पुन्हा उभे केले. त्या लेखालाही कोणी जुन्याची हळहळ म्हणेल. असे म्हणणाऱ्याने इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसलेला जॉनी पाहावा: हातात रुळांखालचा एक लाकडी स्लीपर, समोर रुळांवर आडवा पडलेला दुसरा. हातातला स्लीपर तो नेम धरून दुसऱ्याच्या टोकावर टाकतो. दोन्ही उडून बाजूला. प्रेक्षक हसतो आणि त्याच क्षणी सुटकेचा श्वास टाकतो. असा एक हशा दहा हशांना भारी असतो.