फोर-व्हील सुटत नसेल तर आधी वायर बघा

आषाढ लागला की सिल्वासात ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान चालवणाऱ्याला धड जेवायला फुरसत मिळत नाही. मोटारसायकली आणि टेम्पो वर्षभर येतच असतात. या दिवसांत मात्र खानवेल, दपाडा, नरोलीकडून ट्रॅक्टरवाल्यांचे फोन सुरू होतात आणि निम्म्यांचं गाऱ्हाणं एकच असतं: फोर-व्हील लागत नाही, नाहीतर लागलेलं सुटत नाही. तलासरी-जव्हारकडच्या वाचकांनीही याबद्दल विचारलं होतं. आवणी तोंडावर आली आहे, तेव्हा आज तेच.

आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. खाचरात गुडघाभर चिखल. चिखलणीला गेलेला ट्रॅक्टर मागच्या दोन चाकांवर रुतून बसला की तो ओढून काढायला दुसरा ट्रॅक्टर शोधावा लागतो. एकाच्या ट्रॅक्टरवर पाड्यातल्या दहा-बारा घरांची खाचरं अवलंबून असतात, तासावर भाडं ठरलेलं असतं. राबातलं रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचं असताना लावलं तर फुटवे चांगले येतात. पुढे वय वाढलं की ते कमी होत जातात. म्हणजे ट्रॅक्टर चार दिवस उभा राहिला तर त्याचा हिशेब कार्तिकात खळ्यावर होतो.

आधी आपल्या ट्रॅक्टरला पायाशी लिव्हर आहे की डॅशबोर्डवर बटण, ते बघा. नुसता लिव्हर असेल तर दिव्याच्या स्विचपलीकडे विजेचा काही संबंध नाही, दोष दांडीत किंवा गिअरात शोधावा. बटण असेल तर मध्ये फ्यूज, वायर, कधी रिले आणि शेवटी सॉलेनॉइड असतो. सॉलेनॉइड म्हणजे तेलाची वाट उघडणारी-बंद करणारी विजेची गुंडाळी.

इथे एक गोष्ट भल्याभल्या मेकॅनिकांच्याही ध्यानात येत नाही. बटणाच्या बऱ्याच मॉडेलांत फोर-व्हीलचा क्लच स्प्रिंगने लागतो आणि तेलाच्या दाबाने सुटतो. सॉलेनॉइडला वीज मिळाली की तेल जातं आणि पुढची चाकं मोकळी होतात. म्हणजे वीज गेली तर फोर-व्हील बंद पडत नाही, उलट लागून राहतं. कंपन्यांनी हे मुद्दाम केलं आहे, कारण वायर तुटली तरी शेतात आणि उतारावर ओढ कायम राहते. काही मॉडेलांत याच्या उलट असतं. आपलं कुठलं, ते ट्रॅक्टरसोबतच्या पुस्तिकेत असतं. ती पुस्तिका बहुतेक घरांत देव्हाऱ्यामागे किंवा कपाटात कोरी पडलेली असते. काढा आणि मुलांना वाचायला लावा.

लागून राहिलं तर बिघडलं कुठे, असं कोणी म्हणेल. चिखलात काही बिघडत नाही. पण पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त धावतील अशीच गिअरची रचना असते, साधारण एक ते पाच टक्के. मऊ जमिनीत चाक घसरून तो फरक पचवतं. खानवेलहून सिल्वासापर्यंत डांबरी सडकेवर ट्रॉली घेऊन आलात तर तो फरक जायचा कुठे? पुढचे टायर घासतात, स्टिअरिंग जड होतं आणि सगळा पीळ गिअरांवर येतो. पुढचा टायर चुकीच्या मापाचा बसवला असेल तरी असाच त्रास होतो, म्हणून टायरचा नंबरही पाहून घ्या.

गेल्या वर्षी खानवेलच्या पलीकडच्या एका पाड्यावरून एका वहिनींचा फोन आला. ट्रॅक्टर जुना विकत घेतलेला, हप्ते चालू. वळणावर टायर ओरडत होते आणि बटण कसंही दाबलं तरी फरक पडत नव्हता. एका मेकॅनिकने पाहून, क्लचच्या प्लेटा गेल्या, पुढचा सगळा भाग उघडावा लागेल, चाळीस हजार तरी धरा, असं सांगितलं होतं. आकडा ऐकून सासूबाईंनी म्हैस विकायचं काढलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही एकदा बघून जा, मग म्हशीचं ठरवू."

गेलो. फ्यूज शाबूत. सॉलेनॉइडचं सॉकेट काढून मीटर लावलं तर पूर्ण बारा व्होल्ट. इथेच बहुतेक जण फसतात, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. बंद नळापर्यंत पाणी आलेलं असतं. पाइप गाळाने तुंबला आहे हे नळ सोडल्यावरच कळतं. म्हणून मी त्याच सॉकेटवर इंडिकेटरचा एकवीस वॅटचा बल्ब लावला. तो दोन अँपिअरच्या आसपास ओढतो, साधारण सॉलेनॉइडएवढाच. बल्ब लालसर, मिणमिणता. म्हणजे वाटेत कुठेतरी अडतंय.

मग बल्बची दुसरी वायर सॉकेटाऐवजी सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. बल्ब लख्ख! दोष अर्थिंगचा. गिअरबॉक्सच्या बाजूला बोल्टखाली अर्थिंगची लग होती, तिच्यावर हिरवा थर आणि खाली रंग व गंज. पॉलिश पेपरने दोन्ही घासून चकचकीत केलं, नवी लग दाबली, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलिन लावलं. किल्ली फिरवून बटण दाबलं तसा सॉलेनॉइड टक् वाजला. इंजिन सुरू केल्यावर तेलाचा दाब आला आणि चाकं सुटली. म्हैस अजून त्यांच्याच गोठ्यात आहे.

त्या "टक्"कडे लक्ष द्या. तो ऐकू येत नसेल तर सॉलेनॉइडच्या टोकाच्या नटाला लोखंडी स्क्रूड्रायव्हर लावून पाहा. वीज पोचत असेल तर तो चिकटतो. चिकटतो, टक् वाजतं, इंजिनही चालू आहे आणि तरीही चाकं सुटत नाहीत, तर विजेचं काम संपलं. मग तेलाची पातळी, फिल्टर, दाब, आणि त्यानंतरच क्लच. चाळीस हजारांची गोष्ट तेव्हा काढावी.

डॅशबोर्डवरच्या दिव्यावर फार विसंबू नका. कित्येक ट्रॅक्टरांत तो फक्त बटण कुठे आहे एवढंच सांगतो. खडीच्या अंगणात ट्रॅक्टर पूर्ण वळवला की पुढचे टायर खडी खरवडतात का, ते दुसऱ्याने लांब उभं राहून पाहावं.

ब्रेकचा स्विचही तपासा. काही मॉडेलांत दोन्ही ब्रेक एकत्र दाबले की फोर-व्हील आपोआप लागतं, म्हणजे पुढची चाकंही थांबवायला मदत करतात. पेडलखालचा हा स्विच चिखलाने अडकला तर ट्रॅक्टरला वाटतं पाय कायम ब्रेकवरच आहे. आणि तो मेलाच असेल, तर दुधनीकडच्या उतारावर भरल्या ट्रॉलीसह ब्रेक फक्त मागच्या चाकांवर येतो. सडकेवर निघताना दोन्ही पेडलं जोडणारी खिट्टी लावलेली असावी, हे तर घरातल्या पोरासोरांनाही माहीत हवं.

फ्यूज वारंवार जात असेल तर त्याजागी खिळा किंवा तांब्याची तार घालू नका. कुठेतरी वायर सोलवटून लोखंडाला लागते आहे. बहुधा स्टिअरिंगखाली किंवा इंजिनाच्या गरम भागाजवळ. नाहीतर उंदीर. गवताच्या गंजीशेजारी ट्रॅक्टर उभा करणाऱ्यांकडे मी दर वर्षी कुरतडलेल्या वायरी जोडतो. आणि सर्व्हिस स्टेशनवर प्रेशरच्या पाण्याची नळी सॉकेटांवर धरू देऊ नका. आतली रबरी सील एकदा सरकली की पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यात पितळी पिना हिरव्या होतात.

तपासताना किल्ली बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना पुढून-मागून दगड. पुढचं एकच चाक जॅकवर घेऊन इंजिन चालू करू नका. फोर-व्हील लागलेलं असेल तर ट्रॅक्टर जॅकवरून उडी घेतो. इंजिन चालू असताना खाली शिरायचं नाही. आणि ज्या नव्या मोठ्या ट्रॅक्टरांत कॉम्प्युटरचा डबा आहे, त्यांच्या वायरींवर बल्बचा प्रयोग करू नका. तो डबा जळला तर म्हशीनेही भागणार नाही.

बल्ब, होल्डर, दोन मीटर वायर आणि दोन चिमटे एवढ्यात टेस्ट लॅम्प तयार होतो. सोबत पॉलिश पेपर, चार लग, जास्तीचे फ्यूज, टेप आणि व्हॅसलिनची डबी ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवा. पेटीला कुलूप मात्र हवं, नाहीतर व्हॅसलिन घरात जातं.