छप्पर मिळाले, आधाराचे काय?

बेघर, तुरुंगातून सुटलेले, घरातील मारहाणीला कंटाळून बाहेर पडलेल्या स्त्रिया अशांसाठी इंग्लंडमध्ये आधारासह निवारा देण्याची सोय आहे. भाडे सरकारी गृहभत्त्यातून मिळते आणि एरवीच्या खासगी भाड्याला असणारी कमाल मर्यादा येथे लागत नाही. मुख्य अट अशी, रहिवाशाला 'नाममात्रापेक्षा अधिक' आधार मिळावा. माझ्या मते सारी गोम या दोन शब्दांतच आहे.

२००३ साली सुरू झालेल्या 'सपोर्टिंग पीपल' योजनेत आधारासाठी वेगळा निधी राखून ठेवलेला असे. २००९ साली ते बंधन उठले आणि पुढे काटकसरीत हा पैसा आटत गेला. भाड्याचा नळ मात्र वाहताच राहिला! मग नफेखोर मागे कसे राहतील? त्यांनी जुन्या घरांत खोल्या पाडल्या. आधार म्हणजे अधूनमधून दारावर टकटक. एकट्या बर्मिंगहॅममध्ये अशा जागा २० हजारांवर गेल्या. यावर एकूण किती खर्च होतो, हे सरकारलाच ठाऊक नसल्याचे २०२२ साली संसदीय समितीला आढळले.

२०२३ साली खासदार बॉब ब्लॅकमन यांच्या विधेयकाचा कायदा झाला. राष्ट्रीय मानके आणि स्थानिक परवाने यांची तरतूद त्यात आहे. हे योग्यच झाले. परंतु परवान्याने लबाड हटेल, आधार देणारा माणूस कोठून येणार? त्याच्या पगाराची सोय भाड्यापासून वेगळी केल्याखेरीज प्रामाणिक छोट्या संस्थाच कागदपत्रांखाली दबतील. भाडे भिंतींचे असते. माणूस सावरतो तो माणसामुळेच.