हळदीने कॅन्सर टळतो का?

मागच्या आठवड्यात वस्तीतल्या एका ताईंनी थांबवून विचारले, "जयभीम भाऊ. रोज हळदीचे दूध घेतले की कॅन्सर होत नाही म्हणतात, खरे का?" ताईंना मिश्री लावायची जुनी सवय. गालाच्या आत पांढरा चट्टा पडलेला, आणि त्यावर त्या हळद लावत होत्या. म्हणून आज हाच विषय.

एखाद्या वनस्पतीत कर्करोग टाळण्याचा गुण आहे का, हे शास्त्रज्ञ पायरीपायरीने तपासतात. पाने, साल किंवा मुळे वाळवून, कुटून त्यांचा अर्क काढतात. पहिली परीक्षा काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर. दुसरी उंदरांवर. कर्करोग होईल असे रसायन सर्व उंदरांना देतात, अर्क मात्र निम्म्यांनाच. मग कोणाला किती गाठी आल्या ते मोजतात. हळदीतला पिवळा घटक कुरकुमिन या दोन्ही परीक्षांत गुणकारी दिसला. बातमी येते ती इथवरचीच. पण माणसाने खाल्लेले कुरकुमिन रक्तात फारच थोडे उतरते. बशीतल्या पेशीला मिळते तेवढी मात्रा शरीरातल्या पेशीला मिळत नाही.

तिसरी परीक्षा माणसांची, आणि तीच खरी. भाज्या-फळे जास्त खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळत होता. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनचा हा गुण असावा, असे वाटले. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या, सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर प्रयोग झाला. काहींना बीटा-कॅरोटीनची गोळी, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. १९९४ साली निकाल आला तेव्हा सगळे चकित झाले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला! अमेरिकेतल्या अशाच एका प्रयोगातही उलटाच परिणाम दिसला आणि १९९६ च्या जानेवारीत तो मध्येच थांबवावा लागला.

याचा अर्थ गाजर वाईट असा नाही. गाजर खा, पालेभाजी खा, आमटीत हळदही घाला. पण भाजी वेगळी आणि तिच्यातला एकच घटक काढून केलेली गोळी वेगळी. बाजारात "कॅन्सरवर रामबाण" म्हणून पुडी विकणाऱ्याला एकच विचारा, "ही माणसांवर तपासली का? किती जणांवर?"

ज्याला पुरावा आहे, ते मात्र फुकट आहे. मिश्री, तंबाखू, गुटखा, बिडी सोडणे. नुसती सुपारीही कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जाहीर केले आहे. तोंडात पांढरा-लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत जखम भरली नाही, तोंड पूर्ण उघडेना, तर तडक दवाखाना गाठा. वेळेवर सापडलेला तोंडाचा कर्करोग बरा होऊ शकतो. हळद लावण्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

ताई सोमवारी सुनेला घेऊन दवाखान्यात जाणार आहेत. तुमच्या घरात मिश्रीची डबी कोणाची आहे? आज त्यांना आरशापुढे बसवा, बॅटरी धरा आणि तोंड उघडायला सांगा.